ऑनलाइन बाजारात डिझाइन विकताना एआयचा वापर कसा सांगायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एट्सी, अ‍ॅडोबी स्टॉक, क्रिएटिव्ह मार्केट, अ‍ॅमेझॉन केडीपी (स्वतःचं पुस्तक प्रकाशित करायची सोय) अशा ठिकाणी डिझाइन विकणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत. कुणी प्लॅनर विकतं, कुणी लग्नपत्रिकेची टेम्प्लेट, कुणी टी-शर्टवरची चित्रं, कुणी मुलांची रंगवायची पुस्तकं. बहुतेकांच्या कामात कुठे ना कुठे एआय शिरलं आहे. ते सांगायचं का, किती, कुठे आणि कोणत्या शब्दांत, हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. नियम बदलत राहतात, त्यामुळे इथली उत्तरं वाचलीत तरी माल चढवण्याआधी त्या त्या साइटचं विक्रेत्यांसाठीचं पान एकदा स्वतः वाचाच.

एआयने केलेलं डिझाइन विकायला मुळात परवानगी आहे का?

कुठे विकताय त्यावर आहे. एट्सीवर चालतं, पण सांगावं लागतं. अ‍ॅडोबी स्टॉक डिसेंबर २०२२ पासून घेतं, तेही खूण करूनच. फोटो-चित्रं विकणाऱ्या गेटी इमेजेसने सप्टेंबर २०२२ मध्येच असा माल घेणं बंद केलं. तशीच दुसरी साइट शटरस्टॉक स्वतःचं एआय साधन ग्राहकांना देतं, पण तुमच्या-माझ्यासारख्या बाहेरच्या विक्रेत्याने एआयने बनवलेलं चित्र तिथे चढवायला परवानगी नाही.

एकच फाइल पाच ठिकाणी चढवणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. एका ठिकाणी नियमात बसणारा माल दुसऱ्या ठिकाणी खातं बंद पडायचं कारण ठरू शकतो.

एट्सीवर नेमकं काय सांगावं लागतं?

जुलै २०२४ मध्ये एट्सीने आपल्या मालाची नव्याने वर्गवारी केली. विक्रेत्याने स्वतः बनवलेलं, त्याने डिझाइन केलेलं, त्याने निवडून आणलेलं (जुन्या, संग्राह्य वस्तू) आणि त्याने मिळवून दिलेलं (हस्तकलेचं सामान वगैरे), असे साधारण चार गट आहेत. विक्रेत्याने स्वतःचा प्रॉम्प्ट (एआयला दिलेली लेखी सूचना) देऊन एआयकडून करून घेतलेलं चित्र ‘डिझाइन केलेलं’ या गटात येतं. म्हणजे एट्सीने त्याला दार बंद केलेलं नाही. अट एवढीच की वस्तू करताना एआय वापरलं असेल तर लिस्टिंगच्या (विकायला मांडलेल्या वस्तूच्या पानाच्या) वर्णनात तसं लिहिलं पाहिजे. माल चढवताना फॉर्ममध्ये एआयचा पर्याय दिसला तर तो निवडा आणि वर्णनातही लिहा. एक केलं म्हणून दुसरं सोडू नका.

नुसत्या प्रॉम्प्टचे गठ्ठे विकायला मात्र एट्सीची मनाई आहे. ‘शंभर प्रॉम्प्ट, एक डाउनलोड’ असलं काही विकायचा विचार असेल तर तिथे तो सोडून द्या.

आता जागेबद्दल. फोनवर वर्णनाच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकीचं ‘अधिक वाचा’च्या मागे जातं. एआयची ओळ परताव्याच्या अटींखाली, तिसऱ्या स्क्रीनवर टाकली तर नियम पाळल्यासारखा दिसेल, पण गिऱ्हाइकाला कळणार नाही. माझ्या मते ती पहिल्या चार ओळींतच हवी. आकार, फाइलचा प्रकार, रंग हे जिथे लिहिता, तिथेच कसं बनवलं हेही लिहा. तो मालाचाच तपशील आहे.

टी-शर्ट, मग, कॅनव्हास प्रिंट दुसऱ्या कंपनीकडून छापून घेत असाल तर एट्सीवर त्या उत्पादन-भागीदाराची माहितीही द्यावी लागते. ही वेगळी बाब आहे. चित्र एआयचं आणि छपाई बाहेरची असेल तर दोन्ही सांगायचं.

अ‍ॅडोबी स्टॉकची पद्धत कशी आहे?

तिथे चित्र चढवताना ते जनरेटिव्ह एआयने केल्याची चौकट असते. ती टिचकवायची. चित्रात माणसं किंवा ओळखू येण्याजोग्या वास्तू असतील आणि त्या काल्पनिक असतील, तर तेही तिथेच सांगायचं. शीर्षकात आणि कीवर्डमध्ये दुसऱ्या कलाकाराचं नाव, खऱ्या प्रसिद्ध व्यक्तीचं नाव किंवा कुणाच्या तरी पात्राचं नाव घालता येत नाही.

इथे २०२३ सालची एक गोष्ट सांगायला हवी. इस्राएल-गाझा युद्धाची एआयने बनवलेली चित्रं अ‍ॅडोबी स्टॉकवर होती. तिथे त्यांच्यावर एआयची खूण होती. पण काही छोट्या साइट्सनी ती घेऊन खऱ्या छायाचित्रांसारखी लावली. पुढचा माणूस ती खूण पुसून टाकू शकतो, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. म्हणून माझा आग्रह असतो की ज्या चित्रामुळे एखादी खरी घटना, खरा अपघात किंवा खरं आंदोलन घडल्यासारखं वाटेल, ते खूण करूनही विकायला ठेवू नका. त्या चित्राने होणारं नुकसान तुमच्या एका चौकटीने अडत नाही.

रंगवायची पुस्तकं केडीपीवर टाकतो. तिथे काय?

अ‍ॅमेझॉन केडीपीने सप्टेंबर २०२३ पासून पुस्तक प्रकाशित करताना हा प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि त्यात एक उपयोगी फरक केला. मजकूर, चित्र किंवा भाषांतर यंत्राने तयार केलं असेल तर ते ‘एआयनिर्मित’. नंतर तुम्ही त्यात कितीही दुरुस्त्या केल्या तरी ते एआयनिर्मितच राहतं आणि सांगावं लागतं. मूळ काम तुमचं असेल आणि एआयची मदत फक्त चुका शोधायला, सुधारायला किंवा कल्पना सुचवायला घेतली असेल तर ते ‘एआयसाहाय्यित’. ते सांगायची सक्ती नाही.

मुखपृष्ठही यात धरलं जातं. आतली पानं हाताने काढली आणि मुखपृष्ठ मिडजर्नी या चित्रं बनवणाऱ्या एआय साधनाने केलं, तरी चित्रांसाठी ‘हो’ म्हणायचं.

ही माहिती तुम्ही अ‍ॅमेझॉनला देता. पुस्तकाच्या पानावर वाचकाला ती आपोआप दिसत नाही. पालक मुलासाठी पुस्तक घेताना ती पाहू शकत नाहीत, म्हणून वर्णनात आपण होऊन एक ओळ लिहावी असं मला ठामपणे वाटतं. सहा बोटांचा हात किंवा पाच पायांचं मांजर रंगवताना मुलांना ते लगेच कळतं. प्रत्येक पान तपासूनच छापा.

थोडंसंच वापरलं, तरी सांगायचं का? बॅकग्राउंड काढली, चित्र मोठं केलं, एवढंच.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. याला सरसकट उत्तर नाही, पण मी एक कसोटी लावते: गिऱ्हाईक ज्या गोष्टीसाठी पैसे मोजतंय, ती यंत्राने बनवली का?

फोटोतली मागची भिंत काढली, धूळ पुसली, स्वतःच्याच चित्राचं रिझोल्यूशन वाढवलं, तर तुमचं चित्र तुमचंच राहतं. अशा सफाईला मी एआय म्हणून जाहीर करत नाही. कीवर्ड सुचवून घेतले, वर्णनाचं इंग्रजी सुधारून घेतलं, तर डिझाइनला हात लागलेला नाही. फक्त त्या मजकुरातला प्रत्येक दावा स्वतः वाचा. ‘शंभर टक्के ऑरगॅनिक कापूस’ असं यंत्राने आपल्या मनाने लिहिलं, तरी ते तुमच्या नावावर जातं.

पण फोटोशॉपमध्ये रिकामी जागा निवडून जनरेटिव्ह फिलने तिथे फुलांचा ताटवा भरला, तर ती फुलं यंत्राची. पॅटर्नमधल्या बारापैकी चार आकृत्या एआयच्या असतील, तर तो पॅटर्न अंशतः एआयचा. हे सांगायचं.

एआयकडून चित्र काढून घेतलं आणि ते खाली ठेवून वरून पेनने गिरवलं, तर? हेही सांगायचं. गिरवण्यात कष्ट आहेत, रेषेत तुमचा हात आहे, तेही लिहा. पण रचना, मांडणी, चेहरा, पानांची वळणं यंत्राकडून आली, ती तुमची म्हणून विकता येणार नाहीत. इलस्ट्रेटरमधल्या इमेज ट्रेसने चित्राचं एसव्हीजी (रेषांची, हवी तेवढी मोठी करता येणारी फाइल) केलं तर त्यात गिरवणंसुद्धा नाही. ते फक्त फाइलचं रूपांतर झालं. ‘हाताने काढलेली व्हेक्टर फाइल’ हे शब्द तिथे खोटे ठरतात.

शंका असेल तेव्हा सांगून टाकावं. नको तेवढं सांगितलं म्हणून कुणी परतावा मागितल्याचं ऐकिवात नाही.

मग लिहू तरी काय? नमुना द्या.

‘या उत्पादनात एआयचा वापर झालेला असू शकतो’ हे वाक्य कृपा करून वापरू नका. ते काहीच सांगत नाही आणि वाचणाऱ्याला लपवाछपवीचा वास येतो. कोणतं काम यंत्राचं, कोणतं तुमचं, हे सरळ लिहा. काही नमुने (लिस्टिंग इंग्रजीत असेल तर हाच मजकूर साध्या इंग्रजीत घाला):

‘फुलांची चित्रं मी दिलेल्या सूचनांवरून एआय साधनाने तयार केली आहेत. निवड, रंगसंगती, सफाई आणि अखंड जुळणारा पॅटर्न मी इलस्ट्रेटरमध्ये केला आहे.’

‘पत्रिकेची मांडणी आणि देवनागरी सुलेखन माझं हाताने केलेलं आहे. मागची जलरंगी छटा एआयने बनवलेली आहे.’

‘चित्र पूर्णपणे एआयने तयार केलेलं आहे. छपाईसाठी आकार आणि रंग मी दुरुस्त केले आहेत.’

तिसरा नमुना लिहायला अनेकांना जड जातं. पण माल तसा असेल तर तेवढंच लिहायचं. ‘दुरुस्त केले’ या दोन शब्दांचं फुगवून ‘कित्येक तासांची मेहनत’ करू नका.

साधनाचं नाव द्यावं का? बंधन नसेल तर तुमची मर्जी. मी देते, कारण काही कंपन्या विशिष्ट साधनांनी केलेलं काम घेत नाहीत आणि त्यांना ते आधीच कळलेलं बरं.

वस्तू खरी आहे, फक्त फोटो एआयने केला. त्यात काय बिघडलं?

बरंच बिघडू शकतं. उशीचा अभ्रा खरा, पण खोली, सोफा, उजेड सगळं यंत्राचं असेल तर अभ्र्याचा रंग आणि मापही यंत्राने बदललेलं असू शकतं. गिऱ्हाईक फोटो बघून घेतं. किमान पहिले दोन फोटो खऱ्या वस्तूचे, साध्या उजेडातले असू द्या. पुढे सजवलेलं दृश्य लावायचं असेल तर त्यावरच लिहा: ‘काल्पनिक दृश्य’.

याचं सगळ्यात त्रासदायक रूप क्रोशाच्या पॅटर्नमध्ये दिसलं. ऑनलाइन बाजारात गोंडस हत्ती, कासवं, बाहुल्या यांचे एआयने केलेले फोटो लावून विणकामाच्या सूचना विकल्या जाऊ लागल्या. फोटोतला टाका नीट पाहिला तर तो कोणताच टाका नसतो. धागा कुठून येतो आणि कुठे जातो, काही पत्ता लागत नाही. सूचना पाळून विणलं तर तसं काही तयारच होत नाही. विणणारी बाई लोकर आणते, आठवडाभर बसते आणि शेवटी स्वतःलाच दोष देते की आपल्यालाच जमलं नाही. मला या प्रकाराचा मनापासून राग येतो.

आपल्याकडचं उदाहरण ठिपक्यांच्या रांगोळीचं. ‘१५ ते ८’ म्हटलं की मधल्या ओळीत पंधरा ठिपके आणि दोन्ही बाजूंना एकेक कमी होत आठपर्यंत, हे घरोघरी माहीत असतं. एआयने काढलेली रांगोळी लांबून सुरेख दिसते, पण ठिपके मोजायला गेलं की हिशेब जमत नाही, रेषा मध्येच ठिपका सोडून जाते. अशा रांगोळ्यांचं डिजिटल पुस्तक विकायचं असेल तर प्रत्येक रांगोळी एकदा कागदावर काढून बघा. शिवणकाम, भरतकाम, क्रोशा, रांगोळी, म्हणजे जे बघून कुणी तरी काही बनवणार आहे, तिथे एआय वापरल्याचं नुसतं सांगून भागत नाही. ते बनवता येतं याची खात्री तुम्हीच करून द्यायला हवी.

वारली किंवा पैठणीच्या नक्षीची एआय डिझाइन विकता येतील का?

या प्रश्नाला थोडा वेळ देऊ, कारण इथे फक्त साइटचे नियम नाहीत.

वारली चित्रकला ही पालघर, डहाणू, जव्हार या पट्ट्यातल्या आदिवासींची. गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली. लग्नाच्या वेळी सुवासिनी लग्नचौक काढतात, त्यात पालघाट देवी असते. त्या चौकाला घरात आणि विधीत स्थान आहे. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागद-कापडावर जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला आणि पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याचा गाभा असा की मानांकित नाव वापरून माल त्या प्रदेशातला, त्या लोकांनी केलेला आहे असा समज करून देता येत नाही.

आता पुण्यात बसून कुणी ‘ट्रायबल वारली पॅटर्न’ असा प्रॉम्प्ट दिला, पन्नास फाइली बनवल्या आणि ‘अस्सल हाताने काढलेली वारली कला’ या नावाने परदेशी गिऱ्हाइकाला विकल्या, तर त्यात तीन गोष्टी खोट्या आहेत: अस्सल, हाताने आणि वारली. गिऱ्हाइकाला वाटतं आपले पैसे त्या समाजातल्या कुणाकडे तरी पोचले. ते पोचत नाहीत. उलट खरं चित्र काढणाऱ्याच्या चार हजारांच्या कामाशेजारी तुमची दोनशे रुपयांची फाइल त्याच नावाने उभी राहते.

यंत्राला ही कला कळतही नाही. वारलीतलं माणसाचं शरीर दोन त्रिकोणांचं, टोकाला टोक जोडलेलं. तारपा नाचात माणसं तारपा वाजवणाऱ्याभोवती वळसा घेत जातात. एआय अनेकदा तारप्याच्या जागी बासरी देतं, नाचणाऱ्यांचं साधं वर्तुळ करतं आणि मध्ये कुठली तरी मेक्सिकन वाटणारी नक्षी भरतं. ज्याला माहीत नाही तो तेच वारली समजतो.

पैठणीचंही तसंच. बांगडी मोर, आसावली, नारळी काठ, मुनिया ही नावं विणकरांच्या मागावरची आहेत. छापील कागदावर किंवा टी-शर्टवर त्या नक्षीवरून सुचलेलं डिझाइन करायला कुणी अडवत नाही. पण ‘पैठणी’ या नावाने डिजिटल प्रिंटची साडी विकणं ही फसवणूक आहे, चित्र एआयचं असो वा माणसाचं.

तरीही करायचं असेल तर ‘एआयच्या साहाय्याने केलेलं, वारली चित्रशैलीवरून सुचलेलं डिझाइन, वारली कलाकाराने काढलेलं नाही’ इतकं स्पष्ट लिहा आणि टॅगमधून अस्सल, पारंपरिक, हस्तनिर्मित हे शब्द काढा. माझं प्रामाणिक मत विचाराल तर हे करूच नका. वारली चित्र हवं असेल तर डहाणूकडच्या कलाकाराला काम द्या, करार करा, लिस्टिंगमध्ये त्याचं नाव घाला. तो माल महाग जाईल आणि जायलाच हवा.

एआयने केलेल्या डिझाइनचा कॉपीराइट माझा असतो का?

इथे अनेक विक्रेते चुकीचं आश्वासन देऊन बसतात, म्हणून सविस्तर सांगते.

अमेरिकेत, म्हणजे आपली बरीच गिऱ्हाइकं जिथे आहेत तिथे, कॉपीराइट माणसाच्या निर्मितीला मिळतो. कोलोरॅडो स्टेट फेअरमध्ये २०२२ साली बक्षीस मिळवलेल्या मिडजर्नीच्या चित्राचं उदाहरण प्रसिद्ध आहे. जेसन अ‍ॅलन यांनी आपण किमान ६२४ वेळा सूचना बदलत गेल्याचं सांगितलं, तरी सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने नोंदणी नाकारली. एआयने केलेला भाग दाव्यातून वगळायला अ‍ॅलन तयार नव्हते. जानेवारी २०२५ च्या अहवालात कार्यालयाने म्हटलं की आजच्या साधनांमध्ये नुसत्या प्रॉम्प्टने हक्क मिळत नाही. माणसाने केलेली निवड, मांडणी, ठळक बदल यांना मात्र मिळू शकतो. मार्च २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानेही लेखक माणूसच असला पाहिजे हे कायम ठेवलं. नोंदणी करताना एआयचा नगण्य नसलेला भाग जाहीर करावा लागतो, हा नियम मार्च २०२३ पासून आहे.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक कलम आलं: संगणकाने निर्माण केलेल्या कृतीच्या बाबतीत, ती निर्माण व्हायला जी व्यक्ती कारण ठरली ती लेखक. हे शब्द आजचं एआय येण्याच्या खूप आधीचे आहेत. २०२० मध्ये ‘राघव’ नावाच्या एआय साधनाची एका चित्राचा सहलेखक म्हणून नोंद झाली होती. पुढच्याच वर्षी कॉपीराइट कार्यालयाने ती मागे घेण्याची नोटीस काढली. तेव्हा ‘भारतात सगळे हक्क माझेच’ असं छातीठोकपणे लिहिण्याएवढी जमीन अजून पक्की नाही.

याचा विक्रीशी थेट संबंध आहे. एखाद्या ब्रँडने तुमचा पॅटर्न संपूर्ण हक्कांसह विकत घेतला, कपड्यांवर छापला आणि उद्या दुसऱ्याने तो उचलला, तर त्यांना दावा करता यायला हवा. पॅटर्न एआयचा आहे हे तुम्ही सांगितलं नसेल, तर तुमच्याकडे नसलेला हक्क तुम्ही त्यांना विकला. माझ्या दृष्टीने सांगण्याचं सर्वांत भक्कम कारण हेच आहे. त्यामुळे एआयच्या फाइलवर ‘एक्सक्लुझिव्ह’ हा शब्द घालू नका, परवाना द्या तो वापरायचा द्या.

लोगो करून देतो. तिथेही?

तिथे तर नक्कीच, आणि पैसे घेण्याआधी. लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येऊ शकतो, पण चित्रावरचा कॉपीराइट हवा असेल तर वरची अडचण येते. करारात एक ओळ घाला: अंतिम लोगोत एआयनिर्मित भाग आहे की नाही. कच्च्या कल्पनांसाठी एआय वापरून अंतिम रेखाटन पूर्ण हाताने, वेगळं केलं असेल तर तसं लिहा. कॅनव्हातून करत असाल तर तिथली तयार चित्रं आणि टेम्प्लेट ट्रेडमार्कसाठी वापरायला कॅनव्हाचीच मनाई आहे, तेही पाहून घ्या.

प्रॉम्प्टमध्ये एखाद्या चित्रकाराचं किंवा स्टुडिओचं नाव घातलं तर?

घालू नका. मार्च २०२५ मध्ये घिबली या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या शैलीतल्या फोटोंची लाट आली, तेव्हा लगोलग तशी ‘पोर्ट्रेट’ विकायला निघाली. एआय वापरल्याचं सांगितलं म्हणून दुसऱ्याच्या नावावर धंदा करायची मुभा मिळत नाही. पात्रांच्या बाबतीत तर धोका थेट आहे. डिस्ने आणि युनिव्हर्सलने जून २०२५ मध्ये मिडजर्नीवरच दावा ठोकला आहे.

शिवाजी महाराज, संत, देवदेवता यांची एआय चित्रं?

ऐतिहासिक व्यक्तीचं चित्र ‘कल्पनाचित्र’ म्हणूनच द्या, ‘दुर्मिळ छायाचित्र’ असलं काही चुकूनही लिहू नका. गणपतीच्या चित्रात हातांची संख्या, सुळे, हातातली आयुधं तपासा. मंडळाच्या फ्लेक्सवर चूक गेली की पुसता येत नाही.

भारतीय कायद्याने एआय सांगायची सक्ती आहे का?

डिझाइन विक्रेत्यासाठी ‘एआय जाहीर करा’ असं नाव घेऊन सांगणारा वेगळा कायदा नाही. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा येतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याची जाहिरात मालाच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळली पाहिजे, आणि माल जाहिरातीप्रमाणे नसेल तर परत घ्यायला नकार देता येत नाही. ‘हाताने रंगवलेलं’ म्हणून एआयची प्रिंट पाठवली, तर ती यातच बसते.

फेब्रुवारी २०२६ पासून माहिती तंत्रज्ञान नियमांत केलेली सुधारणा लागू आहे. खऱ्यासारख्या वाटणाऱ्या कृत्रिम चित्रांवर, व्हिडिओंवर, आवाजांवर ठळक खूण करण्याची जबाबदारी ती समाजमाध्यमांवर आणि इतर मध्यस्थांवर टाकते. फुलापानांच्या पॅटर्नचा तिच्याशी फारसा संबंध येत नाही. पण एआय मॉडेलला साडी नेसवून इन्स्टाग्रामवर जाहिरात करणाऱ्याचा येऊ शकतो.

फाइलमध्येच एआयची खूण असते, असं ऐकलं. खरं का?

हो, बऱ्याच साधनांत. अ‍ॅडोबी फायरफ्लाय चित्रासोबत ‘कंटेंट क्रेडेन्शियल्स’ नावाची माहिती जोडतं. ती सी-टू-पी-ए या मानकावर चालते. गुगलचं सिंथआयडी चित्राच्या पिक्सेलमध्येच न दिसणारी खूण घालतं. स्क्रीनशॉट घेतला किंवा फाइल पुन्हा निर्यात केली की पहिल्या प्रकारची माहिती अनेकदा गळून पडते. गुगल मर्चंट सेंटरवर माल दाखवत असाल तर एआय चित्रांच्या मेटाडेटामधली (फाइलसोबत जाणाऱ्या माहितीतली) एआयची खूण काढायला मनाई आहे. मुद्दाम काढू नका. आणि ती आहे म्हणून वर्णनातली ओळ गाळू नका, गिऱ्हाईक मेटाडेटा उघडून बघत नाही.

सांगितलं तर विक्री पडेल ना?

काही गिऱ्हाइकं जातील. ज्यांना माणसाच्या हातचंच हवं आहे ती जाणारच, आणि तो त्यांचा हक्क आहे. हातसडीचा तांदूळ म्हणून गिरणीतला विकला तर पहिल्या भातालाच कळतं. इथेही गिऱ्हाइकाला कधी ना कधी कळतं, मग परतावा, एक स्टार आणि त्याखाली सगळ्यांना दिसेल असा राग. ज्यांना स्वस्तात, पटकन, चांगलं सजावटीचं चित्र हवं असतं, त्यांना एआयची अडचण नसते. त्यांच्यासाठी किंमत त्या मानाने ठेवा. पूर्ण एआयच्या फाइलला हाताने काढलेल्या चित्राचा भाव लावून वर ती ओळ लपवावीशी वाटत असेल, तर आधी भाव तपासा.

जुन्या लिस्टिंगचं काय करू? शेकड्याने आहेत.

सगळ्यात जास्त खपणाऱ्यांपासून सुरुवात करा आणि रोज थोडी दुरुस्त करत जा. कोणती कशी केली ते आता आठवत नसेल तर ती खाली उतरवा. आधी विकत घेतलेल्या कुणी विचारलं तर खरं सांगा आणि परतावा देऊ करा. संपूर्ण हक्क विकलेल्या ग्राहकाला मात्र त्याने विचारायची वाट न बघता स्वतः कळवा, त्याचा माल छापायला गेलेला असू शकतो.

मी सगळं हाताने काढते, तरी लोक ‘एआय आहे’ म्हणतात. काय करू?

हे दुखतं, आणि आज चांगलं काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतं. एआय ओळखणाऱ्या साइट्सवर विसंबून राहू नका. त्या कधी माणसाच्या चित्राला एआय तर कधी एआयच्या चित्राला माणसाचं म्हणतात. त्यांचा स्क्रीनशॉट हा पुरावा होत नाही, तुमच्या बाजूनेही नाही.

पुरावा म्हणजे कामाचे टप्पे. कच्चं स्केच, थरांसह मूळ फाइल, तारखा. प्रोक्रिएट वापरत असाल तर टाइमलॅप्स आपोआप साठतो, तो पुसू नका. त्याच कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या साधनात जनरेटिव्ह एआय आणणार नसल्याचं जाहीर केलं, त्याचाही उल्लेख करता येईल. कागदावर काढत असाल तर अर्धवट अवस्थेतले दोन फोटो पुरतात. लिस्टिंगच्या शेवटच्या फोटोच्या जागी हे टप्पे लावा.

‘एआय न वापरता’ असं लिहायला हरकत नाही, पण ते पूर्ण खरं असेल तरच. चित्र तुमचं आणि मॉकअपची (वस्तू लावल्यावर कशी दिसेल ते दाखवणाऱ्या दृश्यातली) खोली एआयची असेल, तर ‘चित्र एआय न वापरता, खोलीचं दृश्य एआयने’ असं लिहा. आरोप करणाऱ्याला एकदाच, शांतपणे, टप्प्यांच्या फोटोसह उत्तर द्या. नंतर तोच माणूस पुन्हा आला तर साइटकडे तक्रार करा आणि पुढच्या ऑर्डरकडे वळा.